बिनदुधाचा चहा

पप्पांना ऑपरेशनसाठी धुळ्याला नेलं त्याच आठवड्यात चहाच्या पुड्यांचा खोका आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आला. आई पप्पांसोबत गेली होती. दवाखान्यात रात्री पेशंटजवळ एकालाच थांबू देत होते, आणि जळगावात आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येईल तेव्हा टाकी भरायला कोणीतरी घरी असायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

ऑपरेशन आतड्याचं होतं. डॉक्टर म्हणाले, नीट झालं. पण आतडं अजून कामाला लागलेलं नव्हतं. पप्पांनी तोंडाने काही घेतलं आणि ते पोटात टिकलं तर घरी सोडणार, नाहीतर पोट पुन्हा उघडून बघावं लागणार. आई फोनवर एवढंच सांगायची आणि मग विचारायची, टाकी भरली का. मी भरली म्हणायचे. त्यानंतर घरात करण्यासारखं काहीच उरायचं नाही. मी गच्चीवर जायचे, खाली यायचे, फोन चार्जिंगला लावायचे, काढायचे.

चहा विकणाऱ्या एका वेबसाइटसाठी मी मराठीत परीक्षणं लिहिते. ते पुड्या पाठवतात, मी चहा करून पिते आणि कसा लागला ते लिहिते. नियम त्यांचे असतात. पाणी किती गरम, पत्ती किती वेळ ठेवायची, कप पांढराच हवा, आणि दूध-साखर अजिबात नाही.

माझं आणि त्यांच्या संपादकांचं पटत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, पण घरी आले की पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, बुवांविरुद्ध, मयतानंतरच्या खर्चाविरुद्ध. आई आणि मी पत्रकांच्या घड्या घालायचो आणि बसस्टँडवर उभं राहून वाटायचो. मी अक्षरओळख शाळेच्या आधी त्याच कागदांवर करून घेतली. त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी तिसऱ्या ओळीला ते कोणालातरी जाब विचारायला लागतं. गेल्या खेपेला आसामच्या पत्तीवर लिहिताना मी ती खुडणाऱ्या बायकांच्या पाठीवरच्या टोपल्यांबद्दल लिहिलं. संपादकांचा मेसेज आला, "ताई, वाचकाला चव सांगा. मोर्चा नंतर काढू."

या वेळच्या खोक्यात बारा पुड्या होत्या, त्यात पुन्हा एक आसामची. माझ्याकडे पांढरे कप नव्हते, म्हणून शेजारच्या अक्कांकडून त्यांचा पाहुण्यांसाठी ठेवलेला सेट आणला. अक्कांचं माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं. इतकी वर्षं शहरात राहूनही त्या माहेरचीच बोली बोलतात. कप देताना म्हणाल्या, "फुटना ते तुना लगीनमा नवा लिसू तुनापाईन." फुटला तर माझ्या लग्नात माझ्याकडूनच नवा घेणार होत्या.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पेपर अंथरला आणि बाराही कप मांडले. पत्ती मोजून टाकली, पाणी ओतलं. उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं. धुळ्याहून कधीही फोन येईल म्हणून फोन मांडीवरच ठेवला होता.

पहिला घोट दार्जिलिंगचा. वाळत घातलेल्या गवताचा वास, आणि जिभेच्या कडेला किंचित तुरटपणा. दुसरा हिरवा, गिलकं उकडलेल्या पाण्यासारखा. तिसऱ्यात जास्वंदीच्या पाकळ्या होत्या, त्याचा रंग लालभडक आणि आंबटपणा थेट अंबाडीच्या भाजीचा. चौथा धुरावर वाळवलेला. तो तोंडात घेतला आणि मला कपाशीचं पीक निघाल्यावर शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्या आठवल्या. हे लिहिण्यासारखं होतं. मी वही ओढली, तेवढ्यात फोन वाजला. आई होती. म्हणाली, आज पण काही नाही, पोट फुगलंय, पप्पा बोलत नाहीत. मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. केस मोकळे होते, सकाळपासून विंचरले नव्हते.

अक्का दारात आल्या त्या याच वेळी. त्यांनी आधी मला पाहिलं, मग कप पाहिले. मांडलेले कप आणि सगळ्यांत बिनदुधाचा चहा. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि उंबऱ्याशीच खाली बसल्या.

"काय व्हयनं व माय," त्या म्हणाल्या, "नाना गयात का? आम्हले सांगं बी नही."

गल्लीत पप्पांना नाना म्हणतात, तरी मला कळेना त्या काय म्हणतायत. कळलं तेव्हा त्यांचा रडण्याचा आवाज गल्लीत पोचला होता. आमच्याकडे मयताच्या घरी दूध वापरत नाहीत. बसायला येणाऱ्यांना कोरा चहा देतात, आणि तो असाच न बोलता फरशीवर मांडून ठेवतात. उघडं दार, मोकळ्या केसांची पोर आणि कोऱ्या चहाचे कप. अक्कांना आणखी काही विचारायची गरज पडली नाही. समोरच्या दोन बायका पदर सावरत आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. एकीने माझं डोकं छातीशी धरलं. मी त्यातूनच ओरडत होते, "अहो, जिवंत आहेत, हे कामाचं आहे, माझं काम आहे."

"कसलं काम?" ती डोकं न सोडता म्हणाली.

दरम्यान गल्लीतल्या एका भाऊंनी आईला फोन लावून मयत कधी आणणार म्हणून विचारलंसुद्धा. आई पप्पांच्या शेजारीच बसलेली, त्यांचा श्वास तिला दिसत होता. तिला वाटलं, घरी मलाच काही झालं.

खरं काय ते समजल्यावर अक्का उठल्या, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि घरी गेल्या. परत आल्या त्या दुधाचं पातेलं घेऊनच.

"जित्ता माणूसना घरमा बठ्ठा च्या कोरा?" जिवंत माणसाच्या घरात सगळाच चहा कोरा कसा, असं म्हणत त्यांनी एका कडेने सगळ्या कपांत दूध ओतलं. जास्वंदीच्या कपातलं दूध तिथेच फाटलं. मी मधे हात घालत होते, तो त्यांनी बाजूला केला. मग बायकांनी एकेक कप उचलला, तोंडाला लावला आणि खाली ठेवला. धुराचा कप घेतलेली म्हणाली, "ह्या कंपनीनी चूल फुकताफुकता च्या करेल शे का?"

माझ्या परीक्षणापेक्षा ते वाक्य बरं होतं. पण मला तेव्हा हसू आलं नाही. मला राग आला होता. ज्या माणसाने मयताच्या रीतींविरुद्ध या गल्लीत घरोघर कागद वाटले, त्याला याच गल्लीने एका कपाच्या रंगावरून मारून टाकलं होतं.

रात्री आईने फोनवर झाडलं. "दार उघडं टाकून कोरा चहा मांडून बसलीस. तेही आता."

"पप्पांनी याच्यावर पत्रक लिहिलं होतं. तूच वाटलंस."

"वाटलं. वाटायला काय जातं."

मी उरलेल्या पत्तीचा पुन्हा चहा केला, बिनदुधाचा. कप ओठाशी नेला आणि हात थांबला. कोणी पाहत नव्हतं, तरी थांबला. मी चिडून घोट घेतला, गिळला, आणि मला चव कळलीच नाही. दुसरा घेतला, तोही तसाच. परीक्षणाचा कागद कोरा राहिला. खोलीतून स्वयंपाकघरात आणि तिथून परत खोलीत, असं चालत राहिले.

सकाळी आईचाच फोन आला. आवाज दबलेला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता घोट घोट द्यायला सुरुवात करा, आज पोटात काहीतरी जायलाच हवं. पण पप्पा पाणी थुंकत होते, शहाळं नको म्हणत होते. चहा मागत होते.

"मग दे ना."

"दूध चालत नाही म्हणतात. नुसता चहा द्या म्हणे."

"मग नुसता दे."

"मी नाही देणार," आई म्हणाली. "तू म्हणशील अंधश्रद्धा. म्हण. पण या हाताने मी त्यांना कोरा चहा पाजणार नाही."

मी पुड्या पिशवीत टाकल्या, टाकी भरण्यासाठी घराची चावी अक्कांकडे दिली आणि धुळ्याची एसटी पकडली. एरंडोलपर्यंत उभी, पुढे पारोळ्यापर्यंत एका पोत्यावर. मनात भाषण तयार होत होतं आणि ते चांगलं होत होतं. मग पिशवीतल्या पांढऱ्या चहाची आठवण झाली. कोवळ्या कळ्यांचा, त्याला रंग म्हणून नसतोच. तो केला तर आईला वाटेल गरम पाणीच आहे. भांडण नाही, काही नाही, पप्पांच्या पोटात जाईल. मी तो विचार बाजूला ढकलला. तो परत आला. लपवून पाजायचं तर मग आयुष्यभर स्टँडवर उभं राहून कागद कशाला वाटले? आणि कागदापायी पोट पुन्हा उघडायची वेळ आली तर? तेवढ्यात धुळं आलं.

दवाखान्यासमोरच्या टपरीवर थर्मासमध्ये उकळतं पाणी मागितलं. टपरीवाला म्हणाला, "नुसतं पाणी? मग आम्ही इथे बसून काय करायचं, ताई?" पण दिलं.

पप्पांचा चेहरा इतका लहान झालेला मी पाहिला नव्हता. नाकातली नळी सकाळीच काढली होती. नाकाला चिकटपट्टीची खूण होती. आई कॉटच्या पायथ्याशी उभी होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भाषण बसमध्ये करून आली असशील. इथे नको."

मी टेबलावर पुड्या काढल्या. पांढऱ्या चहाची पुडी हातात आली. मी ती परत पिशवीत टाकली आणि आसामची पत्ती काढली. आईच्या डोळ्यांदेखत करायचा, हे त्या क्षणी ठरलं. पाणी ओतलं. पेल्यातला रंग गडद होत गेला. आई खिडकीकडे वळली.

मी चमचा पप्पांच्या ओठाशी नेला. त्यांनी पेल्यात पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

"दूध नाही का?" ते म्हणाले.

"डॉक्टर नाही म्हणतात, पप्पा."

"मग राहू दे."

 ज्याच्या जोरावर मी एवढ्या लांब भांडत आले होते, तो माणूसच भिंतीकडे पाहत पडला होता. चमच्यातला चहा सांडून चादरीवर एक डाग पडला.

आई खिडकीपासून वळली. तिने माझ्या हातातून पेला घेतला, त्यातला घोटभर स्वतः प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"इतका कडू करतात का? पत्ती किती वेळ ठेवलीस?" मग पप्पांना म्हणाली, "पत्रकं तुम्ही लिहायची आणि घोट मात्र आम्ही घ्यायचा. उठा. तुमच्या पोरीने बसमध्ये पोत्यावर बसून आणलाय. पेन्शन घ्यायला बरे पळत जाता. शेजाऱ्यांनी तर काल तुम्हाला पोचवून पण टाकलं, तो भाऊ विचारत होता कधी आणणार. घ्या."

पप्पांनी डोळे तिच्याकडे वळवले. "कोणी पोचवलं?"

"अक्कांनी. रडल्या पण. घ्या, सांगते."

आई चमचा भरत होती आणि बोलत होती. मी मयताच्या किती घरी बसायला गेले असेन, पण तिथे कोणी चहा पाजताना कोणाला रागावत नाही. आई मुद्दाम करत होती की घाबरून, ते मला कळलं नाही. अक्का, पदर, फाटलेलं दूध, सगळं ती सांगत गेली, आणि मधेच चमचा पुढे व्हायचा. पप्पांचा कंठ हलला. परत हलला. पेला अर्धा झाला तेव्हा ती म्हणाली, "आणखी घ्या," आणि त्यांनी घेतला.

"तुरट आहे," पप्पा म्हणाले.

नर्स म्हणाली, आता थांबा, उलटी होते का बघू. तिने माझ्या हातात स्टीलचा ट्रे दिला. मी तो त्यांच्या हनुवटीजवळ धरून स्टुलावर बसले. आई बोलायची थांबली होती. तिला आता बसायला जागा सापडत नव्हती. कॉटपासून दारापर्यंत जायची, परत यायची, ट्रेमध्ये बघायची. मीही बघत होते. पप्पांनी दोनदा आवंढा गिळला आणि दोन्ही वेळा मी ट्रे वर उचलला.

दिवे लागल्यावर नर्स आली, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"आवाज आहे," ती म्हणाली. "थोडा आहे, पण आहे. दोन तासांनी पुन्हा तेवढाच द्या."

आईने थर्मास हलवून पाहिला. पाणी निवत आलं होतं. तिने तो माझ्या हातात दिला, ट्रे स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "जा, उकळतं आण. आणि या वेळी पत्ती कमी टाक."