हिरव्याच्या सावलीतला लाल

मोबाइलवरच्या खेळांसाठी मी चौकटी भरून चित्रं काढतो. बत्तीस चौकटी आडव्या, बत्तीस उभ्या, एका चौकटीत एकच रंग. ऐकायला भरतकामासारखं वाटतं, आणि मानही तशीच मोडते. तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या एका फोटो स्टुडिओत होतो. दिवसभर नवरा-नवरीचे चेहरे उजळायचे आणि उरल्या वेळात तिथल्याच कॉम्प्युटरवर हे काम करायचं. कपाशीची ती वाईट वर्षं होती. यवतमाळ म्हटलं की बाहेरची माणसं आवाज खाली आणून बोलायची, जणू मयताला आलेत. त्या आवाजाचा मला राग यायचा. अजून येतो.

नेमकी तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीला शेतीचा खेळ काढायची हौस आली. फोनवर साहेब म्हणाले, "तुम्ही यवतमाळचे ना? मग कपाशी तुम्हीच काढा. फक्त शेत आनंदी दिसलं पाहिजे." नमुन्याचं एक झाड पसंत पडलं तर तिथे कायमची नोकरी. मला ती हवी होती. आनंदी तर आनंदी, मी काय कुठे समाजसेवा करायला बसलो होतो?

पहिलं झाड काढलं ते शाळेत शिकवल्याप्रमाणे. हिरवा घेतला, सावलीसाठी त्यात काळा मिसळला, उजेडासाठी पांढरा. ते लगेच परत आलं. "झाड मेलेलं दिसतंय," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी समजावून सांगितलं. एका रंगाच्या गडदपासून फिक्यापर्यंत पाच छटा लावायच्या. छटांच्या या रांगेला मी रंगांची उतरंड म्हणतो. या उतरंडीत वर चढताना रंग नुसता उजळत नाही, कूसही बदलतो. उजेडाकडे हिरवा पिवळा होत जातो, सावलीकडे निळा, जांभळा, कधी तांबडासुद्धा. काळा कुठेच नसतो. कधी वावरात पाऊल न टाकलेला माणूस मला पान कसं दिसतं ते सांगत होता, आणि त्याचं बरोबर होतं. हे कबूल करायला आजही जड जातं.

वरच्या पिवळ्या छटा पटकन जमल्या. खालची सावली काही केल्या जमेना. निळा घातला की पान प्लास्टिकचं दिसे, जांभळा घातला की वांग्याचं. तीनदा झाड गेलं आणि तीनदा परत आलं. तिसऱ्या वेळी साहेबांच्या आवाजात दुसरं कुणीतरी बघायला लागेल असा सूर होता.

दसरा होऊन गेला होता. रविवारी मी गावाला गेलो. आमचं चार एकर वावर मोठा भाऊ करतो. पायात काटा मोडून त्याचा पाय सुजला होता, चार दिवस तो खाटेवरच होता. मी फोन घेऊन एकटाच वावरात गेलो, रंग गोळा करायला. नाल्याच्या अंगाला, जिथे पाणी साचून राहतं तिथे, मला हवं ते सापडलं. कपाशीच्या पानांच्या कडा तांबड्या-जांभळ्या, आत येता येता तो रंग हिरव्यात विरत गेलेला, आणि शिरा मात्र हिरव्यागार. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. पान उन्हासमोर धरून मी दहा-बारा फोटो काढले. इतका खूश मी त्या वावरात आयुष्यात कधी झालो नव्हतो.

घरी आलो तर भावानं विचारलं, "खालच्या आंगाले गेलता का?"

"गेलतो."

"कशी हाय पऱ्हाटी?"

"मस्त हाय," मी म्हणालो. तो पाठ टेकून पडला.

त्याच आठवड्यात झाड पसंत पडलं.

पुढच्या आठवड्यात पाय बरा होऊन भाऊ वावरात गेला, आणि त्याचा फोन आला. वावरात लाल्या पसरला होता. कपाशीचं पान कडेकडून लाल होत वाळतं, त्या रोगाला आमच्याकडे लाल्या म्हणतात. लहान पोरालाही तो ओळखता येतो. मला येत नव्हता असं नाही. आम्ही दोघं कृषी केंद्रात गेलो. दुकानदारानं पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, "आठ दिवस आंधी आणलं असतं तं मॅग्नेशियम मारून थांबवता आलं असतं. आता बोंडं भरत नाईत."

भाऊ पान हातात घेऊन उभा होता. मी बाहेर आलो आणि फोनमधले सगळे फोटो पुसून टाकले. प्रत्येकावर तारीख होती. मी लाल्याकडे पाहिलं होतं, पण मला उतरंडीतली खालची छटा दिसली होती. याला विसर म्हणत नाहीत, अज्ञानही म्हणत नाहीत. याला जे म्हणतात ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून झालेलं आहे.

मी पुण्याला आलो. खेळ चालला. त्यात माझी कपाशी ओळीनं उभी आहे, दर तीन मिनिटांनी वेचायला येते, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या कडेला लाल्या आहे. नवीन पोरं कामाला आली की साहेब त्यांना तेच झाड दाखवतात. सावली अशी हवी, म्हणतात.

भावानं मला त्या दिवसाबद्दल एकदाच विचारलं, कृषी केंद्रातून परतताना, बसस्टँडवर चहा पिताना.

"तू गेलता तवा नसन ना लाल्या?"

"नव्हता."

त्यानं मान हलवली. "तेच तं मी म्हणतो. असता तं तुले दिसलाच असता. आपल्या घरात रंग तुलेच कयते."