शेवटच्या ओळीतलं नाव

गाण्याची शेवटची ओळ जवळ आली की दस्तगीरभाई डफ थांबवायचे. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, मान खाली घालायची आणि मग ती ओळ म्हणायची, अशी त्यांची रीत होती. कारण त्या ओळीत त्यांच्या गुरूचं, गणपा वस्तादांचं नाव असायचं. माझा धंदा साऊंड सिस्टिमचा. त्यांनी मान खाली घातली की तोंड माइकपासून लांब जायचं आणि नेमकी तीच ओळ लोकांना ऐकू यायची नाही. पहिल्याच कार्यक्रमानंतर मी वैतागून म्हणालो, "भाई, अख्खं गाणं माइकात आणि शेवट जमिनीत, ही काय पद्धत झाली?" ते हसले. म्हणाले, "वस्तादाचं नाव मान वर करून घेऊ व्हय रं? तू वाढव की आवाज. तुला कशाला बोलावलाय मग?"

दस्तगीरभाई म्हणजे रहिमतपूरचे दस्तगीर पिंजारी. पेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. दिवसभर कापूस पिंजायचं मशीन घरघरत असायचं आणि त्या घरघरीतच यांची गाणी तयार व्हायची. गिऱ्हाईक समोर ओरडत उभं आणि हे डोळे मिटून ओठ हलवतायत, हे दृश्य मी कितीदा पाहिलंय. माझ्या बहिणीच्या लग्नात दिलेल्या गादीला एका कोपऱ्यात मोठा गोळा आहे. मी तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाले, "त्या दिवशी टँकरचं गाणं सुचलं गड्या. गोळा ऱ्हाऊ दे, गाणं ऐक." आणि ऐकवलं:

मोबाइलात ढग दिसतो, आभाळात न्हाई,
टँकरवाल्या दादा, थांब, कशाची रं घाई?

ते गाणं जतकडं इतकं पसरलं की टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका ते म्हणायला लागल्या. मी बहिणीला सांगितलं, गादी उलटी करून झोप.

आता छाप म्हणजे काय ते सांगायला हवं. शाहिराच्या गाण्यात शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं, ती छाप. पण गणपा वस्तादांच्या फडाचा रिवाज कडक होता. शिष्यानं गाणं स्वतः रचलं तरी नाव गुरूचंच घालायचं. गुरू एक दिवस चारचौघांत शिष्याच्या हातात आपला डफ देतो आणि सांगतो, आजपासून तुझ्या नावानं गा. तिथून पुढं छाप त्याची. वस्ताद कवठे महांकाळकडचे. बाप मेलेल्या, उघड्या अंगाच्या दस्तगीरला त्यांनीच घरात घेतला, पोटच्या पोराशेजारी बसवून जेवू घातला, गळा दिला. छाप मात्र दिली नाही. दर साली म्हणायचे, "पुढच्या जत्रंला बघू." असं करता करता एका उन्हाळ्यात वस्तादच गेले. बाकीच्या शिष्यांनी आपापली नावं घालायला सुरुवात केली. दस्तगीरभाईंनी नाही. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "छाप मागितली तर भीक, आपल्या हातानं घेतली तर चोरी. ती देत्यात, गड्या. दिली न्हाई, विषय संपला."

विषय कसला संपतोय. वस्तादांच्या मुलानं, रघुनाथदादांनी यूट्यूबवर चॅनल काढलं आणि दस्तगीरभाईंची गाणी एकामागून एक तिथं यायला लागली. खाली लिहिलेलं असायचं, रचना गणपा वस्ताद. शेवटच्या ओळीत नाव आहेच, मग शंका कोण घेणार? टँकरचं गाणंही तसंच आलं. मी फोन करून म्हणालो, "दादा, वस्ताद गेले तेव्हा तुमच्या गावात एकाच्या हातात मोबाइल नव्हता. गाण्यात ढग मोबाइलात आहे." तर हा माणूस म्हणतो कसा, "आमच्या आबांना लय लांबचं दिसायचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दस्तगीरभाईंना सांगितलं, तर ते गादीला टाका घालत राहिले.

त्यांची मुलगी रेश्मा बापासारखी नव्हती. साताऱ्याला कॉलेज केलेलं, आवाज बापाचा, जीभ स्वतःची. ती स्वतःही गाणी रचायला लागली होती. एकदा मी दुकानात गेलो तर दोघं आपल्या बोलीत भांडत होती. मला पाहून ती मराठीत आली. "काका, तुम्हीच सांगा. उद्या अब्बा नसले तर यांची म्हणून एक ओळ तरी राहील का? सगळ्या गाण्यांवर दुसऱ्याचं नाव!" भाई म्हणाले, "दुसऱ्याचं न्हाई. गुरूचं." ती म्हणाली, "गुरू गेले. आता खातोय तो मुलगा." भाईंनी उठून पिंजायचं मशीन चालू केलं. त्याचा मला तिच्याइतकाच राग आला.

मग वस्तादांच्या पुण्यस्मरणाचा मोठा कार्यक्रम कवठे महांकाळला ठरला. वस्तादांच्या सगळ्या गाण्यांचं पुस्तक त्या दिवशी प्रसिद्ध होणार होतं. सगळ्या म्हणजे कुणाच्या, हे सांगायला नको. दस्तगीरभाईंनी त्यातली दोन गायची आणि नंतर रेश्मानं आपलं एक गायचं. पत्रिकेत तिच्या नावापुढं छापलं होतं, 'वस्तादांची तिसरी पिढी'. साऊंड माझा. टेम्पोत रेश्मा माझ्याशेजारी बसली होती, भाई मागं स्पीकरच्या खोक्यांना टेकून. ती हळू आवाजात म्हणाली, "आज पुस्तक निघालं की संपलं, काका. एकदा छापून आलं की कोण ऐकणार? आज अब्बा बोलले नाहीत, तर मी यांचं गाणं परत तोंडात घेणार नाही."

मांडव भरलेला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, टेबलावर लाल फितीत बांधलेली पुस्तकं. मी मिक्सरवर बसलो आणि रघुनाथदादांचा एक माणूस येऊन माझ्या खांद्याला टेकला. "दस्तगीर काय वाकडं बोलाय लागला तर माइक बंद करायचा. दादांचा निरोप हाय." म्हणजे भीती त्यांनाही होती. तो माणूस तिथून हलला नाही.

भाई उठले. पहिलं गाणं सरळ झालं. दुसरं टँकरचं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, बायका तर ओळ पुरी करू देईनात. शेवटच्या ओळीपाशी डफ थांबला. मांडवात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. रघुनाथदादा खुर्चीच्या कडेवर आले. माझ्या शेजारच्या माणसानं हात मिक्सरकडं नेला. भाईंनी टोपी काढली, काखेत धरली, मान खाली घातली आणि गणपा वस्तादांचं नाव घेतलं. सवयीनं माझ्या हातानं आवाज वाढवला. नाव सगळ्या मांडवात घुमलं. शेजारचा माणूस खुशीत हसला. मला त्या क्षणी दस्तगीरभाईंचा तिटकारा आला, खोटं कशाला बोलू? रेश्मा मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिनं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही.

तिचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली, तरी भाई बाजूला होईनात. डफ हातात धरून तसेच उभे. मग बोलले, आणि या वेळी मान वर होती.

"मंडळी, एक मिनिट. वस्तादांनी मला पोटाला घातलं, गळा दिला. छाप दिली न्हाई. माझी तक्रार न्हाई, त्यांच्या मनात काय हुतं ते त्यांनाच म्हाईत. पण ही माझी शिष्या हाय, आन् मी जित्ता हाय तवर देणार." त्यांनी डफ रेश्माच्या हातात दिला. "आजपासनं तुझ्या नावानं गा. तुझ्या गाण्यात वस्तादांचं नाव येणार न्हाई. माझं बी येता कामा नये."

शेजारचा माणूस ओरडला, "बंद कर! बंद कर म्हणतो न्हवं!" त्यानं हात घातला तसं मी त्याचं मनगट धरलं. "माझ्या मशीनला हात लावायचा नाही. शॉक बसतो." शॉक वगैरे काही बसत नाही, पण तो मागं सरकला. रघुनाथदादा उभे राहिले होते. त्यांना बसताही येईना आणि बोलताही येईना, कारण भाईंनी वस्तादांविरुद्ध एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या शाहिरांनी, "व्हय, व्हय, गा पोरी!" म्हणून गलका केला.

रेश्मा गायली. डफावरची पहिली थाप चुकली, दुसरी बरोबर पडली.

बाप पिंजतो कापूस, लेक पिंजते बोल,
रेश्मा सांगे उभी राहुनी, बोलाला लागतं मोल.

परतताना टेम्पोत ती रडायला लागली. मला वाटलं आनंदानं. म्हटलं, "अगं, जिंकलीस की." ती म्हणाली, "कसलं जिंकलं, काका? माझी ओळ अशी नव्हती. 'दस्तगीरची लेक सांगे' अशी होती. आयुष्यात एकदा तरी त्यांचं नाव गाण्यात यावं म्हणून मी ती बांधली होती. त्यांनी तिथंच नको म्हटलं. उभ्याउभ्या बदलावी लागली."

मी मागं वळून भाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"घरात गुणगुणत हुती की. पिंजायचं मशीन चालू असलं म्हणून काय बाप बहिरा व्हतो?" मग टेम्पो तासगावच्या पुढं आल्यावर म्हणाले, "तिनं आज माझं घातलं असतं, तर उद्या तिच्या शिष्येनं तिचं घातलं असतं. आसंच चाललं असतं. कुणीतरी थांबवाय पायजेच की, गड्या. मला नाव मिळत हुतं, न्हाई असं न्हाई. लय बरं वाटलं असतं."

पुस्तक निघालं. त्यात भाईंची बहुतेक गाणी आहेत, वस्तादांच्या नावानं. मागच्या हिवाळ्यात दस्तगीरभाई छातीच्या दुखण्यानं गेले. कापसाची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली, डॉक्टर तरी काय करणार. रेश्मा आता साताऱ्यापासून जतपर्यंत कार्यक्रम करते, साऊंड माझाच असतो. भाईंच्या कबरीवर माती टाकून आलो त्या आठवड्यात मी तिला म्हणालो, "आता तरी एका गाण्यात त्यांचं नाव घाल. कोण अडवणार आहे?" ती म्हणाली, "ते अडवतात, काका. डफ हातात घेतला की तोंडच उघडत नाही त्या नावासाठी."

मला गाणं येत नाही, रिवाज मला लागू नाही आणि मी कुणाचा शिष्य नाही. म्हणून मी लिहितोय. रहिमतपूरला दस्तगीर पिंजारी नावाचे शाहीर होते, आणि टँकरचं गाणं त्यांचं आहे.