फॉरमॅट मारण्याआधी

यवतमाळहून पुण्यात आले तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या: थोडंफार प्रोग्रॅमिंग आणि भरपूर चिडणं. सदाशिव पेठेत वरच्या मजल्यावर खोली मिळाली. खाली घरमालक राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले, एकटेच. मी त्यांना काका म्हणायची. घरभर त्यांच्या पाट्या. ‘चपला सरळ काढाव्यात.’ ‘फाटक आपोआप लागत नाही.’ ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.’ पहिल्याच आठवड्यात माझी चप्पल तिरकी पडली, तर आतून आवाज आला, “वाचता येतं ना? की यवतमाळला शाळा नाहीत?” काय माणूस आहे बाप्पा, म्हटलं मनात.

बाबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर सामान बांधून परत. तिकडे एक स्थळ तयारच होतं. अशात खराडीच्या एका कंपनीनं बोलावलं, तुमचा प्रोग्रॅम घेऊन या, बघू. अख्खा पावसाळा मी तो प्रोग्रॅम लिहीत होते, जुने भाग जोडून केलेल्या कॉम्प्युटरवर. त्यात विंडोजऐवजी, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं होतं.

तिथं जायच्या आदल्या दुपारी शेवटचं एक बटण नीट करत बसले होते. खाली कुणीतरी सारखी बेल वाजवत होतं. तेवढ्यात फट्कन वीज गेली, ती चारच्या सुमारास आली. मशीन सुरू केलं तर खिडक्या नाहीत, माउसचा बाण नाही. काळा पडदा आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच. कोपऱ्यावरच्या बूथवरून मैत्रिणीला फोन केला. तिनं त्या काळी सगळेच द्यायचे तो सल्ला दिला, “फॉरमॅट मार.” म्हणजे डिस्क पुसायची आणि सगळं नव्यानं टाकायचं. प्रोग्रॅमची प्रत सकाळीच फ्लॉपीवर काढून ठेवली होती, मग घाबरायचं कशाला?

घाबरले होतेच. माउस टेबलावर आपटला, खुर्ची ढकलली. काका जिना चढून वर आले.

“तुमची फरशी म्हणजे आमचं छत आहे.”

“काका, पडदाच सुरू होत नाहीये! सगळं पुसून टाकते आता.”

त्यांनी चष्मा चढवला. “इथं काय लिहिलंय?”

“एरर आहे.”

“ते दिसतंय. लिहिलंय काय?”

तासभर मी त्या अक्षरांवर डोळे वटारत होते, पण वाचली एकदाही नव्हती.

काका सावकाश, मोठ्यानं वाचू लागले. मशीन म्हणत होतं, पडदा आधीच कुणीतरी चालवतंय, त्याच्या कुलपाची फाइल इथं आहे. तसं कुणी चालवत नसेल तर ती फाइल काढा आणि पुन्हा सुरू करा. फाइलचा पत्तासुद्धा दिला होता. वीज अचानक गेल्यानं कुलूप काढायचं राहून गेलं होतं, बस्स.

“अहो, पाटी लावलीय त्यानं,” काका म्हणाले. “इतकं स्पष्ट लिहूनही लोक पुसायला निघतात, त्या बिचाऱ्यानं करावं काय?”

एक ओळ टाइप करून फाइल काढली, पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर बाण आला. अगं बाई! मी टाळ्याच वाजवल्या. काका तोवर निम्मा जिना उतरले होते.

बटण नीट केलं आणि नवी प्रत काढायला सकाळची फ्लॉपी आत सारली. घर्र घर्र झालं आणि मशीन म्हणालं, वाचता येत नाही. सकाळची प्रतही गेलेली! म्हणजे फॉरमॅट मारला असता तर अख्खा पावसाळा पुसला गेला असता, आणि मी यवतमाळच्या गाडीत. धावत जाऊन दुसरी फ्लॉपी आणली, प्रत काढली, आणि थेट काकांच्या पाया पडले. त्या म्हाताऱ्याचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत, हे मला तिथंच कळलं.

“फार उपकार झाले, काका.”

“वीज गेली नव्हती,” ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “मेन स्विच मी बंद केला होता. दुपारचा तो विक्रेता बेल सोडेना.”

एवढंच. सॉरीबिरी काही नाही. भांडावं की हसावं मला कळेना. शेवटी हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी खराडीहून नोकरी घेऊन परतले ती पेढे घेऊनच. जिन्याखाली मेन स्विचवर नवी पाटी होती, शाई अजून ओली. ‘वर कॉम्प्युटर चालू असतो. विचारल्याशिवाय बंद करू नये.’

मी ती शेवटपर्यंत वाचली. त्या घरात त्या स्विचला हात लावणारा माणूस एकच होता.