अडीच मिनारांची अशरफी

टेंभुर्णीच्या दैवशालाबाईंचा सगळा संसार बराबर वाटण्यात गेला. अंगद आणि बबलू ही दोन्ही पोरं लहान होती तेव्हा त्या एक लाडू दोघांत वाटताना दोऱ्यानं कापायच्या. सुना आल्यावर दुकानात एकाच रंगाच्या दोन साड्या नसल्या, तर दोघींसाठीही काही न घेता परत यायच्या. त्यांचे मालक रामराव आणि थोरले दीर यांच्यात एका तांब्याच्या घंगाळावरून बोलणं तुटलं होतं. घंगाळ फुटून मोडीत गेलं, तरी बावीस वर्षं अबोला चालूच होता. आपल्या पोरांत असं घंगाळ शिरू नये, एवढंच त्या रोज अन्नपूर्णेजवळ मागायच्या.

साठी उलटल्यावर, सासूबाईंच्या दोन अशरफ्या दोन्ही सुनांना देऊन मोकळं व्हावं, असं त्यांनी ठरवलं. निजामाच्या काळातली ती सोन्याची नाणी. दोन्ही एकाच सालची, दोन्हींवर चारमिनार. एकीला कडी लावून ती चाळीस वर्षं त्यांच्या गळ्यात होती. दुसरी देवघरात अन्नपूर्णेच्या पायाशी, हळदीकुंकवाच्या थराखाली गाडल्यासारखी. तरी खात्री केलेली बरी, म्हणून त्या एसटीनं जालन्याला, जुनी नाणी पारखणाऱ्या बद्रीनाथशेठकडे गेल्या.

शेठनी देवघरातली अशरफी पाण्यात भिजवली, कापसानं हलकेच टिपली आणि भिंग लावलं. मग त्यांनी पोराला सांगितलेला चहा थांबवून लस्सी मागवली. हळदीकुंकवानं हिला नुसतं झाकून ठेवलंय, ही कालच टाकसाळीतून निघाल्यासारखी हाये, शौकीन लोक सोन्याच्या तिप्पट देतील, असं ते म्हणाले.

गळ्यातलीकडे मात्र त्यांनी एकदाच पाहिलं. कडी जोडताना सोनारानं दिलेला डाग, कडा झिजलेल्या, अक्षरं गायब. त्यात बाई दर दसऱ्याला ती चिंच लावून राखेनं घासायच्या. चारांपैकी अडीच मिनार शिल्लक होते.

"हिला सोन्याचा भाव," शेठ म्हणाले. "तोही डाग वजा करून."

दैवशालाबाईंनी लस्सीचा पेला खाली ठेवला. त्यांना दुकानात साक्षात घंगाळ दिसलं.

शेठनी तोड सुचवली, की दोन्ही विका आणि रक्कम अर्धी अर्धी वाटा. बाईंनी मान हलवली. सासूबाईंची खूण त्या वाटायला निघाल्या होत्या, इकायला न्हाई. येते आठ दिवसांनी, म्हणून त्यांनी दोन्ही अशरफ्या कमरेच्या पिशवीत टाकल्या.

घरी आल्यावर त्यांनी आधी अन्नपूर्णेची माफी मागितली. मग चिंच भिजवली, वीट कुटून भुकटी केली आणि नारळाचा काथ्या घेऊन देवघरातली अशरफी घासायला बसल्या. रोज अकरा वेळा रामरक्षा होईपर्यंत घासायचं, असा नेम धरला. रामरावांनी काय करून राह्यलीस म्हणून विचारलं, तर संसार, एवढंच म्हणाल्या. सहाव्या दिवशी एक मिनार गेला, सातव्या दिवशी दुसरा. आठव्या दिवशी गावातल्या सोनाराकडून कडी लावून घेतली आणि जालन्याची गाडी पकडली.

बद्रीनाथशेठ बराच वेळ भिंग धरून बसले. या खेपेला चहासुद्धा मागवला नाही.

"मावशी, हे कोनी केलं?"

"मीच. आता सांगा, भावात फरक हाये का दोन्हीत?"

शेठनी दोन्हींचं वजन केलं, काटा सारखाच थांबला. घासून जेवढं गेलं होतं, तेवढं कडीनं भरून काढलं होतं.

"बिलकुल न्हाई," ते म्हणाले, आणि डोक्याला हात लावला.

"मंग तसं लिहून द्या. दोन्हींचं एकाच कागदावर."

इतकं नुकसान करून घेऊन इतक्या आनंदात गेलेलं गिऱ्हाईक शेठनी आजवर पाहिलं नव्हतं. बाईंनी तर जाताना त्यांना पेढेही दिले.

घरी सुनांना पाटावर बसवून, कुंकू लावून, तो कागद मोठ्यानं वाचून बाईंनी एकेक अशरफी दोघींच्या ओटीत घातली. दोघी पाया पडल्या. धाकटीनं, आकांक्षानं, आपली अशरफी उजेडात धरली, जरा वेळानं थोरल्या शालूची मागून घेऊन पाहिली आणि परत दिली.

"आई," ती सहज म्हणाली, "ताईच्या अशरफीवर अडीच मिनार हायेत. माझ्यावर दोनच."

शालूनं लगेच आपली मूठ मिटली. दैवशालाबाईंनी हात पुढे करून ती हळूच उघडली, अशरफी काढून घेतली आणि विटेची भुकटी कुठल्या डब्यात ठेवलीय ते बघायला आत गेल्या.