पुढं धावणारा दादा

"तोंड मग बघू. आदी पाय दाव."

नवीन पोरगं पळायला आलं की दादा त्याला हेच म्हणायचा. पोराने चप्पल काढली की उकिडवा बसून त्याचा पंजा दाबून बघायचा, बाजारात वांगी बघतात तसा. याच माणसाने मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हालाही तो आवडायला लागेल.

तो पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. बिरवाडीत खोली घेऊन राहायचा, कारखान्यात कंत्राटावर होता. पाळी नसली की सावित्रीच्या वाळूत आम्हा पोरांना अनवाणी पळवायचा. फुकट.

मी बारावी होऊन घरी बसलेलो. महाडात माझं नाव होतं ते नकलांसाठी. हेडमास्तर, रिक्षावाला, कुणाचीही चाल काढून दाखवायचो. दादाने माझा सपाट तळवा बघितला नि विचारलं, "पाय हाय का पाव?" मग सुरू झाली शिक्षा. पायाच्या बोटांनी गोट्या उचलून डब्यात टाकायच्या. खाली पसरलेलं फडकं बोटांनी गोळा करायचं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. आई शेजारणीला सांगायची, बारावी झाला नि आता पायाने केर काढायला शिकतोय.

एकदा पोरांना हसवायला मी दादाच्या मागे त्याच्यासारखा पळालो. कोपरं अंगाला चिकटवून, मान जरा डावीकडे टाकून. सगळे हसले, दादा सोडून. म्हणाला, "सोताचा पळतोस तवा रेडा. माझा पळतोस तवा बरा. तसाच पळ." पुढे वर्षभर मी त्याच्या पाठीकडे बघत, त्याच्या पावलात पाऊल टाकून पळालो.

बूट घ्यायलाही तोच आला, आणि मुद्दाम संध्याकाळी. दिवसभरात पाय फुगतो, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो, असं त्याचं म्हणणं. बुटातला आतला पातळ तळ काढून जमिनीवर ठेवायचा, मला त्यावर उभं करायचा. बोटं कडेबाहेर गेली की दुसरा जोड. दुकानदार वैतागून म्हणाला, पोराला मुलगी बघताय का? दादा शांतपणे म्हणाला, "मुलगी सांभाळून घेईल. बूट नाय घेत." शेवटी पुढून रुंद असलेला एक साधा जोड निघाला. त्यावर नाव कुणाचं ते पायाला कळत नाय, म्हणाला.

त्या वर्षी एका कारखान्यात रखवालदाराची एकच कायम जागा निघाली. पळण्यात पहिला येईल त्याला. ती मिळाली तर मी घरी, नाहीतर मुंबई. दादा म्हणाला, ही तुझीच. मात्र त्या दिवशी बहिणीकडे कार्य आहे, यायला जमणार नाही.

शेवटच्या फेरीत माझ्यापुढे एकच जण उरला. डोक्यावर टोपी, पाठीवर नंबर. कोपरं अंगाला चिकटलेली, मान जरा डावीकडे. माझ्याआधी माझ्या पायांनी ओळखलं. ते गुमान त्याच्या पावलात पडायला लागले. मी दुसरा आलो. तो मागे न बघता तसाच गेटबाहेर गेला, आणि नाव पुकारल्यावर दादाच्या कंत्राटदाराचा पुतण्या पुढे आला. अंगावर तोच नंबर, कपाळावर घामाचा थेंब नाही.

मी भरतीच्या साहेबांना सांगितलं, पळाला तो दादा होता. ते म्हणाले, नुसत्या पळण्यावरून माणूस ओळखतोस? आता मी काय पुरावा देणार, पळून दाखवू?

संध्याकाळी दादा घरी आला. "माझ्या भावाला कारखान्यात कायम करतो म्हणाला कंत्राटदार," एवढंच बोलला. मग दारातल्या माझ्या बुटांकडे बघून म्हणाला,

"मधी दोनदा हळू झालो रे मी. तू पुढं जावंस म्हणून."

ते मला पळतानाच कळलं होतं. दोन्ही वेळा मीपण हळू झालो होतो.

"मग थांबायचंस ना, दादा."

"थांबलो असतो तर तूपण थांबला असतास."

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मी बिरवाडीला गेलो. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, वाटेत नीट जुळवून ठेवल्या होत्या. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, भावाला कायम केलंच नाय, दोघंबी गेले कुठंतरी.

शिव्या तशाच घेऊन दुसऱ्या दिवशी मी वीर स्टेशनात गाडीत बसलो.