खांबाची ओटी

पत्रू मिस्त्रीची जीभ त्याच्या थापीपेक्षा जोरात चालायची. वामनरावांच्या धानगिरणीचे चारही खांब त्यानंच उभे केले होते. दीड वीत रुंद लोखंडी पाइप आणि आत ठासून भरलेलं काँक्रीट. "हत्ती टेकला त हत्तीच पडल," असं तो गोंडपिपरीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवायचा. बढाईखोर होता, पण कामात चोख. खोट एकच. गिऱ्हाइकाला 'नाई' म्हणायची वेळ आली की त्या जिभेला लकवा मारायचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गिरणीतल्या कोंड्याला आग लागली. छपराचे पत्रे वाकले, खांब काळे पडले. तीन ताठ राहिले, चौथा मात्र मधोमध गलगंड झाल्यासारखा फुगला. बाजारात एकच कुजबुज, पत्रूनं सिमेंट खाल्लं! बिचारा पार खचला, कारण खांबाला झालं काय हे त्यालाही कळेना. चोरीचा डाग लागला असता तर तालुक्यात त्याला साधी चूल बांधायलाही कोणी बोलावलं नसतं.

चांद्याहून इंजिनिअर आले. त्यांनी हातोडीनं एकेक खांब ठोकून पाहिला.

"हे तीन भक्कम आहेत. लोखंड तापून नरम पडलं, पण आतल्या काँक्रीटनं भार धरला. आता निवल्यावर लोखंडाची ताकदही पुष्कळशी परत आली. चौथा मात्र आतून पोकळ वाजतोय. तिथं नरम लोखंडाला आतून आधारच नव्हता, म्हणून फुगला."

छपराला लाकडी बल्ल्यांचे टेकू देऊन फुगलेला भाग कापला. आतून निघाल्या दोन नारळांच्या जळक्या कवट्या आणि कोळसा झालेले मूठभर तांदूळ.

पत्रूला लख्ख आठवलं. खांब अर्धा भरला असताना मालकीण मीराबाई हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. लाकडी खांबाची नुसती पूजा होते, पण हा तर पोकळ! मग ओटीच भरू या, म्हणून त्यांनी खण, तांदूळ नि नारळ शिडीवरच्या पत्रूच्या हाती दिले. आणि या बहाद्दरानं ते निमूट आत सोडले.

"कोन्या गाढवानं टाकले हे?" वामनराव कडाडले.

मीराबाईंनी तोंडाला पदर लावला. पत्रूनं मान खाली घातली. "मीच टाकलो, मालक."

"मंग चालता हो! चांद्याचा मिस्त्री आनतो मी."

पत्रू थापी उचलून निघाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

"थांब रे पत्रू," मीराबाई पुढे झाल्या. "ओटी मी भरली. त्याले टाकाले मीच सांगतली. आता कोनाले गाढव म्हनता, म्हना."

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि पत्रूला खुणेनंच परत बोलावलं. इंजिनिअर छपराचं फारच बारकाईनं निरीक्षण करू लागले.

दुरुस्ती पत्रूनंच केली. जळकं काँक्रीट खरडलं, कापल्या जागी जाड पत्रा वेल्ड करून घेतला आणि वर ठेवलेल्या भोकातून नवा माल ठासायला लागला. तेवढ्यात वामनराव स्वतःच इकडंतिकडं बघत शिडीपाशी आले. मुठीत सुपारी होती.

"एवढी टाकून दे बापा. बारीकशी त हाये."

पत्रूची जीभ टाळ्याला चिकटली. मग त्यानं भोकावर पालथा पंजा ठेवला.

"नाई, मालक."

वामनराव सुपारी तोंडात टाकून गुमान बायकोशेजारी जाऊन उभे राहिले.