डाव्या कुशीवर

राज्य नवं झालं आणि माझ्या नवऱ्याची बदली भोपाळहून रायपूरला, म्हणजे त्याच्या घरीच झाली. ब्राह्मणपारा या मोहल्ल्यातल्या त्या घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. दीर भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात होते. जाऊबाई घरीच ब्लाउज शिवायच्या. मी त्यांना ताई म्हणायचे. आमचं भांडण नव्हतं, पण बोलणंही भाजी काय करायची एवढ्यापुरतंच. त्यांना मूल नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

त्याच सुमारास मला दिवस गेले. सातव्या महिन्यात कमरेखाली उजव्या बाजूला अशी कळ यायला लागली, की जमिनीवर बसलं की उठता येईना. सासूबाईंनी पाऱ्यातल्या एका मालीशवालीला बोलावलं. तिने पोट चोळायला घेतलं आणि मला ते सोसेना. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, पोटाला कोणी हात लावायचा नाही. पाठ, कंबर हलक्या हाताने चोळली तर चालेल, तेही कुशीवर झोपून. मालीश बंद झाली. सासूबाई जरा घुश्शातच होत्या. कळ मात्र होती तिथेच.

एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी तांदूळ निवडत बसले होते. उठायला गेले आणि भिंतीला हात टेकून तशीच अडकले. ताई समोर पंडरीच्या कापडबाजारातून आणलेलं अस्तर कापत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली, मला धरून पलंगापर्यंत नेलं, डाव्या कुशीवर निजवलं आणि गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली. मग तेल जरा कोमट करून आणलं.

"दाबू का? जास्त झालं तर सांगजो," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आईला लकवा झाला होता. लग्नाआधी गोंदियाला आईची सगळी मालीश त्याच करायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. त्या तळहाताने माकडहाडापासून वर, मग कुल्ह्यावर गोल असं सावकाश चोळत होत्या. दुखणं पार गेलं असं नाही. पण कित्येक दिवसांनी मी अंग सैल सोडलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. पावलं दारातच थांबली. ताईंचा हात माझ्या पाठीवरून निघाला.

"तू काहून हात लावला तिले?" सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

ताई पदराला हात पुसत असल्याचं जाणवलं. माझी पाठ दाराकडे होती. कदाचित म्हणूनच मला बोलता आलं.

"आई, मले बरं वाटून राहिलं. आता रोज ताईच करतील."

सासूबाई आत गेल्या. चहाचं भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. ताईंनी परत तेल घेतलं.

त्यानंतर रोज दुपारी हा आमचा कार्यक्रम झाला. चोळता चोळता ताई बोलायच्या. गिऱ्हाइकांच्या गोष्टी, दिरांच्या गोदामातल्या गोष्टी. एकदा म्हणाल्या, "मले दोनदा राहिलं होतं. दोन्ही वेळा तिसऱ्यातच गेलं. तुमच्या लग्नाच्या आधी." मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सोड, तेल लागून राहिलं तुले," आणि कामाला लागल्या.

सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त दुपारी त्या शेजारी जाऊन बसायला लागल्या.

कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळ होती. नवरा ऑफिसला निघालाच होता. त्यानेच रिक्षा आणली; सासूबाई आणि ताईही बरोबर आल्या. दवाखान्यात नर्सदीदींनी सांगितलं, आत एकच जण थांबेल. सासूबाई माझ्याबरोबर आत आल्या. कळ पाठीतून यायची आणि मी पलंगाचा दांडा धरायचे. त्या पाठीवर हात फिरवायच्या, पण घाईघाईत, जागा चुकायची. त्यांनी दोन-तीनदा विचारलं, इथे का, इथे का. मग त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. दार उघडंच होतं.

"जा तू आत," त्या ताईंना म्हणाल्या. "तुलेच समजते तिचं."

ताई आल्या आणि न विचारता बरोबर तिथेच तळहात टेकवला. दुपार उलटून गेल्यावर मुलगी झाली. नर्सदीदींनी तिला पुसून गुंडाळलं आणि जवळ कोण आहे ते पाहून ताईंच्या हातात दिलं. ताईंनी तिला छातीशी घट्ट धरलं नाही. दोन्ही हातांवर नुसतं तोलून धरलं आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईले बोलावते," आणि तिला माझ्या कुशीत ठेवून बाहेर गेल्या.